जगाचा कारखाना कसा थंडावला : ब्रिटनच्या घसरणीविषयी सूतगिरणीतल्या एका माणसाचे उत्तर

अर्थशास्त्र शिकणाऱ्या एका तरुण वाचकाने विचारले आहे : "एके काळी जगाचा कारखाना म्हणवणारा ब्रिटन नेमका कशामुळे घसरला? साम्राज्य हातचे गेल्यामुळे, कामगारांच्या संपांमुळे, की थॅचरबाईंच्या धोरणामुळे? आणि गेल्या दहा वर्षांत तिथे जी राजकीय धरसोड दिसते, तिचा या घसरणीशी काही संबंध आहे का?"

मी अर्थशास्त्रज्ञ नाही. परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, शिकाऊ म्हणून लागलो, पुढे स्पिनिंग मास्तर झालो आणि नोकरीची शेवटची वर्षे जुन्या यंत्रांचे मूल्यांकन करण्यात घालवली. ज्या यंत्रांवर मी हा धंदा शिकलो, त्यांतली बरीचशी लँकशायरची, म्हणजे इंग्लंडच्या वायव्येकडच्या कापडगिरण्यांच्या परगण्यातली, होती. त्यामुळे त्या प्रदेशाचे पुढे काय झाले, हे मी गेली चाळीस वर्षे वाचत आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष पाहत आलो आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. तुम्ही दिलेल्या तिन्ही कारणांत तथ्य आहे, पण तिन्ही उशिराची आहेत. ब्रिटनच्या कारखानदारीला घरघर लागली ती नफा उत्तम होत असताना लागली, आणि ती ज्यांना ऐकू यायला हवी होती ती माणसे कारखान्यापासून फार लांब बसलेली होती.

आधी 'घसरण' या शब्दाचा अर्थ नक्की करू. ब्रिटनमधला सामान्य माणूस १९५० च्या मानाने आज कितीतरी सुखवस्तू आहे, आणि एकूण उत्पन्नात तो देश आजही जगातल्या पहिल्या सहा-सातांत मोडतो. तेव्हा घसरण म्हणजे देश भिकेला लागला असे नव्हे. १८७० च्या सुमारास जगातल्या कारखानी मालापैकी जवळजवळ एक तृतीयांश माल एकट्या ब्रिटनमध्ये तयार होत असे, आणि १९१३ पर्यंत तो वाटा सुमारे १४ टक्क्यांवर आला. इतर देश कारखानदारी शिकले की पहिल्याचा वाटा कमी व्हायचाच. त्याबद्दल कुणालाही दोष देता येणार नाही. परंतु अमेरिका आणि जर्मनी पुढे गेल्यावर त्यांच्याकडून शिकण्याची पाळी ब्रिटनवर आली, तेव्हा ते शिकणे पुन्हा पुन्हा टळत गेले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी व फ्रान्स दरडोई उत्पन्नातही त्याच्या पुढे निघून गेले. रंगांच्या धंद्यात तर हे फार लवकर दिसले. १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग लंडनमध्ये विल्यम पर्किन या तरुणाच्या हाती लागला, आणि पहिले महायुद्ध पेटले तेव्हा कृत्रिम रंगांचा जगातला बहुतेक सगळा धंदा जर्मनांच्या हातात होता. मला जवळून माहीत आहे ती मात्र कापसाची गोष्ट, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो.

१९१३ साली लँकशायरने सुमारे ७०० कोटी वार सुती कापड परदेशी पाठवले, आणि त्यातले जवळजवळ ३०० कोटी वार एकट्या हिंदुस्थानात उतरले. त्या वर्षी ओल्डहॅमच्या किंवा बोल्टनच्या गिरणीमालकाला कुणी धंद्याविषयी काळजी बोलून दाखवली असती, तर त्याने लाभांशाचा आकडा पुढे केला असता. साचाखात्यात शिरून पाहणाऱ्याला मात्र दुसरेच काही दिसले असते. तिथल्या पाचांपैकी चार चात्या, म्हणजे सूत पिळून गुंडाळणाऱ्या सळया, म्यूल नावाच्या यंत्राच्या होत्या. सॅम्युअल क्रॉम्प्टनने १७७९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्राचा गाडा चाकांवर पुढे येताना सूत ओढतो आणि पिळतो, मागे जाताना ते चातीवर गुंडाळतो. म्हणजे अर्धा वेळ कताई आणि अर्धा वेळ गुंडाळणी. रिंग फ्रेमवर ही दोन्ही कामे एकाच वेळी अखंड चालतात, जागा कमी लागते आणि म्यूलवरच्या कसलेल्या कारागिराची गरज पडत नाही. अमेरिकेत रिंग एकोणिसाव्या शतकातच रुळली. आपल्याकडे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८० च्या दशकातच रिंग चात्या बसवल्या. ज्या लँकशायरकडून हिंदुस्थानाने गिरणी कशी चालवायची ते शिकले, ते लँकशायर तीस वर्षांनंतरही म्यूललाच धरून होते.

हे मूर्खपणाने झाले असे कृपया समजू नका. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबर होता. म्यूलवर बारीक नंबरचे सूत फार सुरेख निघते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले कारागीर तिथे हाताशी होते. शिवाय कताई ओल्डहॅम-बोल्टनकडे, विणकाम बर्न्ली-ब्लॅकबर्नकडे आणि विक्री मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांकडे, अशी त्या धंद्याची विभागणी होती. प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा. आता रिंगचे सूत लाकडी बाबिनीवर भरते. ते वीस-तीस मैलांवरच्या विणकराकडे पाठवायचे, तर सुताबरोबर लाकडाच्या वजनाचेही भाडे भरावे लागते आणि रिकाम्या बाबिनी मोजून परत आणाव्या लागतात. म्यूलचे सूत चातीवरून तसेच सुटे काढून पेटीत भरता येते. नागपुरात किंवा परळला साचाखाते आणि मागखाते एकाच आवारात असल्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नव्हता. तिकडे अमेरिकेत १८९० च्या दशकात नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग बाजारात आला. त्याला रिंगचे दमदार सूत मानवते. म्हणून लँकशायरचा विणकर म्हणे, रिंगचे सूत स्वस्तात मिळू लागले की नवे माग घेऊ. आणि कताईवाला म्हणे, नवे माग बसले की रिंग घेऊ. सगळी साखळी एकदम बदलण्याचा अधिकार कुणाकडेच नव्हता, आणि जुन्या यंत्रांची किंमत तर केव्हाच वसूल झालेली होती. अशा स्थितीत जे चालले आहे तेच चालू ठेवणे हा कोणत्याही एका मालकाच्या दृष्टीने शहाणपणाचाच निर्णय ठरतो.

या गोष्टीचा एक तुकडा मला नेहमी अस्वस्थ करतो. मी शिकाऊ होतो तेव्हा आमच्या खात्यातल्या फ्रेमांच्या बिडाच्या कडांवर 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' अशी उठावाची अक्षरे होती, आणि फ्रेम पुसताना त्या अक्षरांच्या खाचांत अडकलेली कापसाची धूळ चिंधीने काढणे हे शिकाऊ पोरांचे काम असे. कापडयंत्रे बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत प्लॅटचे नाव होते. जपानच्या पहिल्या गिरण्यांनीही त्यांचीच यंत्रे घेतली. त्याच जपानात १९२४ साली साकिची टोयोडा यांनी माग न थांबवता धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारे साधन, आपोआप बदलणारा माग सिद्ध केला, आणि १९२९ मध्ये प्लॅट कंपनीला त्याचे हक्क घेण्यासाठी टोयोडांशी एक लाख पौंडांचा करार करावा लागला. गुरूने शिष्याकडून विद्या विकत घेण्यात कमीपणा नाही. परंतु ते हक्क घेऊनही लँकशायरच्या बहुतेक विणकरांनी जुनेच माग चालू ठेवले. बर्न्लीजवळ हार्ल साइक येथे क्वीन स्ट्रीट मिल नावाची गिरणी आहे. १८९० च्या दशकात उभी राहिलेली ही गिरणी वाफेच्या इंजिनावर, पट्ट्यांनी फिरणाऱ्या जुन्या लँकशायर मागांसह १९८२ पर्यंत खरोखरचे कापड विणत होती. आता ती संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे.

पैसा नव्हता म्हणून यंत्रे बदलली नाहीत, हे कारण निदान पहिल्या महायुद्धानंतर तरी लागू पडत नाही. १९१९-२० मध्ये कापडाला अतोनात मागणी आली आणि गिरण्यांचे शेअर भडकले. तेव्हा सट्टेबाजांच्या टोळ्यांनी शेकडो गिरण्या फुगवलेल्या किमतीला विकत घेतल्या, त्याच जुन्या इमारती आणि तेच जुने म्यूल दुप्पट-तिप्पट भांडवलावर नव्या कंपन्यांच्या नावे चढवले आणि फरकाची रक्कम बँकांकडून कर्जाऊ उभी केली. १९२१ मध्ये बाजार बसला. कर्ज राहिले, म्यूल राहिले, आणि पुढची पंधरा वर्षे मिळेल ती मिळकत व्याजात जाऊ लागली. शेवटी १९२९ मध्ये बँक ऑफ इंग्लंडलाच पुढाकार घेऊन लँकशायर कॉटन कॉर्पोरेशन काढावे लागले, ते प्रामुख्याने बुडीत गिरण्या एकत्र करून जादा चात्या मोडीत काढण्यासाठी. धंद्यात सर्वाधिक पैसा आला त्या दोन वर्षांत एक चातीही त्यामुळे सुधारली नाही, हे मी मूल्यांकनाचे काम करू लागल्यावर नीट समजलो, कारण तोवर मुंबईतही मी तोच प्रकार पाहिला होता. आमच्या गिरण्यांच्या ताळेबंदात यंत्रांची किंमत शून्याकडे जात होती आणि जमिनीची किंमत आकाशाला भिडत होती; १९८२ च्या संपाच्या कितीतरी आधीपासून.

आता साम्राज्याविषयी. आपल्याकडे सर्रास असे मानले जाते की हिंदुस्थान हातचा गेला म्हणून ब्रिटन उतरणीला लागला. माझे मत जवळजवळ उलटे आहे. हिंदुस्थानची हुकमी बाजारपेठ हीच त्या धंद्याला मिळालेली गुंगी होती. १८९६ पासून आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला, केवळ मँचेस्टरच्या मालावरच्या आयातकराइतकाच बोजा आपल्या मालावरही पडावा म्हणून. तो १९२६ पर्यंत पूर्ण उठला नाही. अशी राखीव पेठ असल्यावर जर्मन किंवा अमेरिकी बाजारात टक्कर देण्याइतका माल सुधारण्याची निकड कोणाला वाटणार? पहिल्या महायुद्धात बोटी मिळेनाशा झाल्या, मुंबई-अहमदाबादच्या आणि जपानच्या गिरण्यांनी ती जागा भरून काढली, युद्धानंतर हिंदुस्थान सरकारने महसुलासाठी आयातकर वाढवत नेला, आणि मग स्वदेशीचा बहिष्कार आला. १९३८ च्या सुमारास लँकशायरची एकूण कापडनिर्यात १४०-१५० कोटी वारांपर्यंत खाली आली होती. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी डार्वेनला गेले, तेव्हा गिरण्यांतल्या बेकार बायामाणसांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. त्यांचे म्हणणे गांधीजींनी ऐकून घेतले, दुःख मान्य केले, आणि हिंदुस्थानातल्या दारिद्र्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही हेही सांगितले. त्या बायांचा घास बहिष्काराने हिरावला हे खरे. पण तो इतका सहज हिरावला जावा अशी वेळ त्यांच्या मालकांनी तीस वर्षे आधीच आणून ठेवली होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कापडाचे हे माहेरघर निर्यातीपेक्षा जास्त सुती कापड आयात करू लागले, आणि १९५९ च्या कायद्याने सरकारनेच चात्या आणि माग फोडण्यासाठी मालकांना अनुदान दिले.

इथवर कापसाचे झाले. पण जहाजे, पोलाद, मोटारसायकली, मोटारी यांची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे. जहाजबांधणीत १९५६ मध्ये जपान ब्रिटनच्या पुढे गेला. या सगळ्यांना जोडणारा धागा पौंडाचा आहे, आणि तो कारखान्यांच्या गावांत नव्हे, लंडनमध्ये विणला गेला. लंडनच्या सिटीचा, म्हणजे तिथल्या बँका, विमा कंपन्या आणि रोखेबाजाराचा धंदा जगभर पैसा फिरवण्याचा. त्या धंद्याला पौंड भारी आणि अढळ असावा लागतो. बर्न्लीच्या विणकराला मात्र तो परवडेल इतका हलका लागतो. हे दोन हितसंबंध जेव्हा जेव्हा समोरासमोर आले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी सिटी जिंकली. १९२५ मध्ये अर्थमंत्री असलेल्या चर्चिल यांनी पौंड युद्धापूर्वीच्या दराने, म्हणजे ४.८६ डॉलरला, पुन्हा सोन्याशी बांधला. ब्रिटिश माल परदेशात सुमारे १० टक्के महाग पडू लागला, कोळशाच्या मालकांनी ती तूट मजुरी कापून भरायला काढली आणि १९२६ चा सार्वत्रिक संप त्यातून उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर देश कर्जबाजारी होता. अमेरिकेने दिलेल्या ३७५ कोटी डॉलरच्या कर्जाचा शेवटचा हप्ता २००६ च्या अखेरीस फिटला. तरीही पौंड हे जगाचे राखीव चलन, म्हणजे इतर देश साठ्यात ठेवतात असे चलन, आहे ही प्रतिष्ठा राखण्यासाठी, कारखाने जरा वेग घेऊ लागले की आयात वाढते, पौंडावर ताण येतो, म्हणून व्याजदर वाढवून पुन्हा वेग मोडायचा, हे चक्र वीस वर्षे चालले. १९४९ मध्ये अवमूल्यन, १९६७ मध्ये पुन्हा अवमूल्यन, दोन्ही वेळा नाइलाजाने आणि उशिरा. दर तीन वर्षांनी असा लगाम खेचला जाणार हे ठाऊक असलेला कारखानदार पंधरा वर्षे टिकणाऱ्या यंत्रात पैसा घालायला कचरणारच.

संपांविषयी मी कामगारांची वकिली करणार नाही. एकाच मोटार कारखान्यात दहा-पंधरा संघटना, प्रत्येकीचे काम वाटून घेतलेले, एकाने बोल्ट आवळायचा आणि दुसऱ्याने तार जोडायची, त्यावरून काम बंद. असल्या प्रकारांनी ब्रिटिश लेलँडसारखी कंपनी जेरीस आली आणि १९७५ मध्ये सरकारच्या गळ्यात पडली. त्या वर्षी महागाईचा दर सुमारे २४ टक्के होता. १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३९० कोटी डॉलर मागायला जावे लागले, आणि १९७८-७९ च्या हिवाळ्यात कचरा रस्त्यांवर साचला. मात्र एवढेही लक्षात घ्यावे की पश्चिम जर्मनीत संघटना दुबळ्या नव्हत्या. तिथे कामगारांचे प्रतिनिधी कंपनीच्या देखरेख मंडळावर बसत आणि शिकाऊ उमेदवारीची पद्धत मालक-संघटना मिळून चालवत. ब्रिटनमध्ये मालक आणि संघटना एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले, आणि नवे यंत्र म्हणजे कुणाचे तरी काम जाणार, एवढाच त्याचा अर्थ उरला.

१९८१ च्या फेब्रुवारीत यंत्रखरेदीच्या निमित्ताने मी तीन आठवडे लँकशायरमध्ये होतो. बंद होत असलेल्या एका गिरणीतल्या रिंग फ्रेम आम्हाला दाखवायच्या होत्या. मला वाटले होते जुनाट सामान असेल. पाहतो तर फ्रेम जेमतेम दहा वर्षांच्या, चात्या सरळ, बेअरिंगे उत्तम. खात्याच्या टोकाला दोन माणसे घणाने बिडाच्या कडा फोडत होती आणि तिसरा माणूस चात्या उपसून, काडीपेटीतल्या काड्यांसारख्या रचून, तारेने त्यांच्या मोळ्या बांधत होता. आमच्या गिरणीला यंत्रे आयात करण्याचा परवाना मिळेपर्यंत थांबायला मालक तयार नव्हता. जागेचे भाडे चढत होते, म्हणून वजनावर भंगारात देऊन तो मोकळा होत होता. दाराशी हजेरीच्या दोन फळ्या होत्या. दिवसपाळीच्या फळीवर इंग्रज आडनावे, रात्रपाळीच्या फळीवर बहुतेक सगळी मीरपूर, सिल्हेट आणि सुरत-भरूचकडची. महाग नवी यंत्रे चोवीस तास चालवायची म्हणून १९६० च्या दशकात ही माणसे रात्रपाळीसाठी आणली गेली होती. तिथला साचाखात्याचा मास्तर मला सांगत होता की १९७९ मध्ये त्यांच्याकडे पुरेशी मागणी होती, संपही नव्हता. गिऱ्हाइकाने माल नाकारला तो केवळ दरामुळे.

त्याचे म्हणणे आकड्यांशी जुळते. थॅचरबाई मे १९७९ मध्ये सत्तेवर आल्या. महागाई मोडण्यासाठी नोव्हेंबरमध्ये व्याजदर १७ टक्क्यांवर नेला गेला. त्याच सुमाराला उत्तर समुद्रातले तेल भरात येत होते, त्यामुळे जगाचा पैसा पौंडाकडे धावला आणि १९८० मध्ये तो २.४० डॉलरच्या आसपास गेला. दोन वर्षांत कारखानी उत्पादन सुमारे १५ टक्क्यांनी खाली आले, १९८२ च्या सुरुवातीला बेकारांची संख्या ३० लाखांवर गेली, आणि १९८३ मध्ये औद्योगिक क्रांतीनंतर प्रथमच ब्रिटनने निर्यातीपेक्षा जास्त कारखानी माल आयात केला. म्यूल आणि वाफेची इंजिने बुडाली याचे दुःख मला नाही. त्या लाटेत जे सुधारले होते, ज्यांनी कर्ज काढून नवी यंत्रे घेतली होती, ते आधी बुडाले, कारण १७ टक्क्यांचे व्याज त्यांनाच भरायचे होते. थॅचरबाईंनी संघटनांची अडवणूक मोडली हे त्यांचे समर्थक सांगतात, आणि ती कुणीतरी मोडायलाच हवी होती हे मीही मान्य करतो. परंतु १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडून निघाल्यावर त्या खाणींच्या गावांत दुसरे काय उभे करायचे, याचा आराखडा कुणाकडेच नव्हता. तेलाचा पैसा करकपातीत आणि बेकारभत्त्यांत खर्ची पडला. शेजारच्या नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून पुढच्या पिढ्यांसाठी निधी स्थापला आणि १९९६ पासून त्याच समुद्रातल्या तेलाचा पैसा त्यात टाकायला सुरुवात केली. ऑक्टोबर १९८६ मध्ये रोखेबाजारावरचे जुने निर्बंध उठवले गेले आणि हुशार इंजिनिअर मुले डर्बी-कॉव्हेंट्री सोडून लंडनच्या बँकांकडे जाऊ लागली. १९६६ च्या सुमारास कारखान्यांत सुमारे ९० लाख माणसे होती. आज ती ३० लाखांच्याही खाली आहेत.

आता राजकारणाचा प्रश्न. २००८ पर्यंत लंडनच्या बँकांचा कर आणि सरकारी नोकऱ्या यांच्या जोरावर उत्तरेकडची गावे कशीबशी तरली. २००८ मध्ये बँका कोसळल्या, २०१० पासून सरकारी खर्चाला कात्री लागली, आणि त्यानंतर सामान्य माणसाचा महागाई वजा जाता खरा पगार सुमारे पंधरा वर्षे जवळजवळ जागच्या जागी राहिला. बर्न्लीकडे पाहा. २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम आणि बर्न्लीत गोरे आणि आशियाई तरुणांत दंगली झाल्या. त्या हजेरीच्या दोन फळ्यांवरच्या माणसांची ती मुले होती. गिरणी गेल्यावर त्यांना एकत्र येण्याची एकही जागा उरली नव्हती. २३ जून २०१६ च्या सार्वमतात बर्न्लीने ६६.६ टक्के आणि ओल्डहॅमने ६०.९ टक्के मते युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने दिली, तर लंडनने सुमारे ६० टक्के मते राहण्याच्या बाजूने. निसानचा मोठा कारखाना पोटाला असलेल्या संडरलँडनेही सोडण्याचाच कौल दिला. आपल्या पोटावर पाय येईल हे कळत असूनही लोक असे का वागले, असे इथले अनेकजण विचारतात. ज्यांना चाळीस वर्षे कोणत्याही निर्णयात विचारले गेले नाही, त्यांना पहिल्यांदा असा प्रश्न विचारला गेला होता की ज्याच्या उत्तराने लंडनला धक्का बसेल. मला त्यात नवल वाटत नाही. २०१९ मध्ये बर्न्लीने १९१० नंतर पहिल्यांदाच हुजूर पक्षाचा खासदार निवडला, आणि २०२४ मध्ये तोही घरी पाठवला. २०२४ च्या त्या निवडणुकीत जवळजवळ ३४ टक्के मतांवर मजूर पक्षाला चारशेहून अधिक जागा मिळाल्या, आणि मतदानच ६० टक्क्यांच्या आसपास झाले. २०१६ ते २०२४ या आठ वर्षांत त्या देशाने सहा पंतप्रधान पाहिले. त्यातल्या लिझ ट्रस यांची कारकीर्द ४९ दिवसांची. त्यांच्या सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये तरतुदीविना करकपात जाहीर केली आणि पौंड आणि सरकारी रोखे असे कोसळले की बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावे लागले. तेव्हाही सरकारचे डोळे उघडले ते रोखेबाजाराने.

घसरण जमिनीवर कशी दिसते हे पाहायचे असेल तर बर्मिंगहॅम पाहावे. १८७३ ते १८७६ या तीन वर्षांत जोसेफ चेंबरलेन यांच्या महापौरपदाच्या काळात त्या नगरपालिकेने गॅस आणि पाणी कंपन्यांकडून स्वतःच्या ताब्यात घेतले, झोपडपट्ट्या पाडून हमरस्ता काढण्याची योजना हाती घेतली, आणि चांगला नगरकारभार कसा असतो ते पाहायला परदेशांतून माणसे येत. २००५ मध्ये त्या शहरातला लाँगब्रिजचा मोटार कारखाना बंद पडला आणि सुमारे ६,००० लोकांचे काम एकाच वेळी गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच नगरपालिकेने कायद्याने बंधनकारक खर्च सोडून नवा खर्च करता येणार नाही अशी नोटीस काढली, आणि पुढे वाचनालये, तरुणांची केंद्रे यांना कात्री लावत करही वाढवले. त्याच्या पुढच्याच महिन्यात पंतप्रधान सुनक यांनी बर्मिंगहॅमच्या पुढे मँचेस्टरपर्यंत जाणारी नवी वेगवान रेल्वे रद्द केली. ही घोषणा त्यांनी मँचेस्टरमध्येच केली, ज्या सभागृहात केली ते पूर्वीचे रेल्वे स्थानक आहे, आणि १८३० मध्ये दोन शहरांना जोडणारी पहिली वाफेची रेल्वे याच मँचेस्टर आणि लिव्हरपूल यांच्या दरम्यान धावली होती.

सगळेच संपले असे मात्र मी म्हणणार नाही. डर्बीची विमानांची इंजिने, वेल्समधल्या ब्रॉटनला तयार होणारे एअरबसचे पंख, केंब्रिजभोवतीचे औषध आणि चिप आराखड्यांचे काम आजही अव्वल आहे. पण यांतल्या फार थोड्या गोष्टी बर्न्लीच्या किंवा ओल्डहॅमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या आवाक्यात आहेत. पोलादाचे उदाहरण तर आपल्या घरातलेच. टाटांनी २००७ मध्ये कोरस ही पोलाद कंपनी विकत घेतली, वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटच्या भट्ट्या अनेक वर्षे तोट्यात चालवल्या, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथली शेवटची झोतभट्टी, म्हणजे खनिजापासून लोखंड काढणारी भट्टी, थंड केली. तिच्या जागी सरकारच्या ५० कोटी पौंडांच्या मदतीने भंगार वितळवणारी विजेची भट्टी येते आहे. टाटांना दोष देणे सोपे आहे, पण त्या भट्ट्या नव्या करण्याचा खर्च ज्या काळात करायला हवा होता, तो काळ त्यांच्या आधीच्या मालकांचा आणि सरकारांचा होता.

त्यानंतर इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पच्या पोलाद कारखान्याची पाळी आली. तिथल्या चिनी मालकांनी कच्चा माल मागवणे थांबवले तेव्हा भट्ट्यांना काही आठवडे पुरेल एवढाच कोळसा शिल्लक होता. झोतभट्टी एकदा आतून गोठली की ती बहुधा पुन्हा पेटत नाही; आमच्या बॉयलरसारखे उद्या परत सुरू करू म्हणता येत नाही. म्हणून १२ एप्रिल २०२५ रोजी, शनिवारी, सुट्टीतली संसद परत बोलावून एका दिवसात कायदा करण्यात आला आणि सरकारने कारखान्याचा ताबा घेतला. त्यानंतर काही दिवसांतच जवळच्या इमिंगहॅम बंदराच्या धक्क्यावर कोकिंग कोळशाचे जहाज लागले, कोळसा स्कन्थॉर्पला पोचवण्यात आला, आणि भट्ट्या पेटत्या राहिल्या.